खुर्चीतला जाडा काका: नॅशनल गॅलरीची फुकट फाइल आणि त्याच्या दोन प्रिंट्स

चित्रात एक जाडा माणूस खुर्चीत बसलाय. कोट, त्याच्या आत पिवळं जाकीट, करडी पँट, चेहरा असा की आत्ताच पोटभर जेवून उठलाय. एक हात पुढे केलेला. बस एवढंच, मागे ना भिंत ना टेबल ना पडदा, नुसता कोरा कागद आणि त्यावर हा बसलेला. पण तुम्ही पाच मिनिटं त्याच्याकडे बघा, हे चित्र आहे हे तुम्ही विसरता, हात पुढे करून उचलावंसं वाटतं, आणि उचललं तर जड लागेल हेही डोळ्यांना आधीच कळतं. वॉटरकलरमध्ये लोखंडाचं वजन दाखवणं काय चीज आहे हे ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय त्यांना सांगायला नको.

हे एका जुन्या टॉय बँकेचं चित्र आहे. टॉय बँक म्हणजे आपला गल्ला, फक्त मातीचा नाही, ओतीव लोखंडाचा, आणि नुसता गप्प बसणारा नाही, पैसे टाकले की काहीतरी करून दाखवणारा. या जाड्या काकाचं नाव ‘टॅमनी बँक’. त्याच्या उजव्या हातावर नाणं ठेवलं की नाण्याच्याच वजनाने हात आत वळतो, नाणं कोटाच्या डाव्या खिशात पडतं आणि काका मान हलवतो. स्प्रिंग नाही, चावी नाही, खटका नाही. सगळा खेळ तोलाचा.

आता रिव्ह्यू कशाचा करतेय ते सांगते, कारण यात तीन गोष्टी एकत्र आहेत, एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टची फुकट डाउनलोडची सोय, दुसरी एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली प्रिंट जी मी परत केली, आणि तिसरी आमच्या इथल्या छोट्या प्रिंट शॉपमधून स्वतः काढून घेतलेली प्रिंट जी आता हॉलमध्ये लागलीय. आम्ही मेरीलँडला राहतो, गॅलरी आमच्यापासून तासाभरावर, तिकीट नाही, त्यामुळे सांगलीहून बाबा आले की एक चक्कर ठरलेली असते.

या चित्रामागची गोष्ट आधी सांगते नाहीतर प्रिंटबद्दल मी एवढी का भांडले ते कळणार नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती, कलाकारांना काम नव्हतं, तेव्हा सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट काढला आणि त्यातलं एक काम होतं ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. कल्पना निघाली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतून, तिथल्या पिक्चर कलेक्शनच्या रोमाना जाविट्झ आणि कापडाचं डिझाइन करणाऱ्या रूथ रीव्ह्ज या दोघींच्या डोक्यातून. १९३५ मध्ये. काम असं की देशभर हिंडायचं आणि साध्या माणसांनी वापरलेल्या जुन्या वस्तू, म्हणजे गोधड्या, खेळणी, मडकी, दुकानाच्या पाट्या, जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या लाकडी बाया, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे, यांची एकेक करून हुबेहूब चित्रं काढायची. १९४२ पर्यंत हे चाललं, साधारण हजारभर कलाकारांनी हात लावला आणि १८ हजारांच्या वर चित्रं झाली. १९४३ मध्ये तो सगळा साठा नॅशनल गॅलरीकडे गेला आणि आजही तिथेच आहे.

फोटो का नाही काढले असं मलाही आधी वाटलं होतं. काढलेही काही, पण रंगीत फोटो तेव्हा महाग होता आणि त्याचे रंग टिकतील याचा भरवसा नव्हता, शिवाय फोटोत उजेड-सावलीत अर्धी वस्तू बुडून जाते. त्यामुळे ठरवलं हाताने काढायचं. बॉस्टनमध्ये सुझान चॅपमन म्हणून होत्या, इजिप्तच्या उत्खननातल्या वस्तूंची चित्रं ज्या बारकाईने काढत ती पद्धत त्यांनी या कलाकारांना शिकवली. म्हणजे विचार करा, फॅरोच्या थडग्यातल्या वस्तूला जो मान, जी नजर, तीच एका पोराच्या गल्ल्याला. मला हे वाचलं तेव्हा अक्षरशः भरून आलं.

आणि खरी मजा तिथेच आहे, त्या चित्रकाराने गल्ला नवा करून काढलेला नाही. जसा समोर होता तसा काढलाय. माझ्या स्क्रीनवर फाइल पूर्ण मोठी करून बघितली तेव्हा पहिल्यांदा तो तळहात नीट दिसला. काकाचा तोंडावरचा रंग बऱ्यापैकी शाबूत आहे, नाकाच्या शेंड्यावर एक टवका उडालाय, पण तळहातावर रंग जवळजवळ नाहीच. मध्यभागी काळपट तपकिरी लोखंड उघडं पडलंय, त्याच्याभोवती गुलाबी रंगाची एक पातळ कड राहिलीय, आणि ती कड पण एकसारखी नाही, अंगठ्याच्या बाजूला जास्त झिजलीय. कारण मुलं नाणं त्याच बाजूने सरकवत असणार. खुर्चीच्या बाजूला नाव आहे, उठावाची अक्षरं, त्या अक्षरांचे माथे घासून उघडे पडलेत आणि खाचेत रंग तसाच आहे. चित्रकाराने हे सगळं एकावर एक पातळ हात देत, थांबत थांबत केलंय, घाईचा एक फटकारा नाही. किती पोरांनी किती वेळा त्या हातावर पैसा ठेवला असेल, त्याचा सगळा हिशोब त्या एका इंचात आहे.

बाबांना मी लॅपटॉपवर तेच दाखवलं. बाबा सहकारी बँकेत तीस वर्षं कॅशियर होते. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “अगं, आमच्या काउंटरच्या लाकडाला असाच खळगा पडला होता, नाणी सरकवून सरकवून. जाळीच्या खाली, बरोबर मध्ये. पॉलिश केलं की दोन महिन्यांत परत तसाच.” मी म्हटलं बाबा तुम्ही हे कधी सांगितलंच नाही, तर म्हणाले त्यात काय सांगायचं. तेव्हाच ठरवलं की हे भिंतीवर लागलंच पाहिजे.

आता या काकाबद्दल थोडं, कारण घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. ही बँक कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे अँड ई स्टीव्हन्स कंपनीने केली. डिझाइन जॉन हॉल यांचं, पेटंट १८७३ चं. याच हॉल यांची १८६९ ची ‘एक्सेलसिअर बँक’ ही ओतीव लोखंडाच्या चालत्या-हलत्या बँकांमधली अगदी सुरुवातीची समजतात, त्यात एका घरासारख्या इमारतीच्या छपरातून छोटा कॅशियर वर येतो. यादवी युद्ध संपल्यावर तिकडच्या ओतशाळांनी खेळणी भरपूर काढली आणि मुलांना बचतीची सवय लावायची म्हणून या बँका घराघरात गेल्या. टॅमनी हे नाव न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलवरून, म्हणजे तिथल्या राजकारण्यांचा जो अड्डा होता त्यावरून. त्यांचा म्होरक्या विल्यम ट्वीड, लोक त्याला बॉस ट्वीड म्हणायचे, शहराच्या तिजोरीतून बेसुमार पैसा खाल्ला म्हणून त्याच १८७३ मध्ये दोषी ठरला. तर हा काका म्हणजे तो पुढारी, हातावर पैसे ठेवले की गपचूप खिशात आणि वर मान हलवून थँक्यू. पोरांना बचत शिकवता शिकवता मोठ्यांना चिमटा. हे बाबांना सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला.

तर प्रिंट. आधी मी आळस केला. गॅलरीची ही चित्रं खुली आहेत, कोणीही वापरू शकतं, त्यामुळे बरीच ऑनलाइन दुकानं तीच उचलून प्रिंट विकतात, त्यात चुकीचं काहीच नाही. एका दुकानातून (नाव लिहीत नाही) ११ बाय १४ इंचाची मागवली, २२ डॉलर अधिक पोस्टेज. आठवड्याने ट्यूब आली, उघडली आणि मला पहिल्या क्षणी कळेचना काय चुकलंय. काका तोच, खुर्ची तीच, पण जीवच नाही. मग स्क्रीनवर मूळ फाइल लावून शेजारी धरलं तेव्हा एकेक दिसायला लागलं. कागद पांढराशुभ्र केलेला, मूळ कागदाचा जो सायीसारखा रंग आहे तो उडवून टाकलेला. जाकिटाचा पिवळा मूळ चित्रात जुन्या पिवळ्या साडीसारखा मऊ झालाय, इथे झेंडूसारखा भडक. चारी बाजूंनी कापलंय, खालची सही गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तळहात, तो त्यांनी चक्क भरून टाकला होता. गुलाबी. एकसारखा. नाकावरचा टवका पण बुजवलेला. पानावर म्हणे ‘रिस्टोअर्ड’ लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं, मला वाटलं रिस्टोअर म्हणजे कागदाचे डाग-बिग काढले असतील.

मी त्यांना लिहिलं की तुम्ही ज्याला डाग समजलात ते चित्रकाराने मुद्दाम रंगवलंय, ती झीज गल्ल्यावरची आहे, कागदावरची नाही. त्यांचं उत्तर आलं की गिऱ्हाइकांना स्वच्छ आवडतं. दोन मेल झाल्यावर पैसे परत दिले, तेवढं बरं. पण मला खरंच वाईट वाटलं, पैशांसाठी नाही, त्या चित्रकारासाठी. सरकारी प्रोजेक्टवर आठवड्याच्या पगारावर बसून कोणीतरी तो तळहात दिवसच्या दिवस रंगवला असेल, प्रत्येक टवक्याचा आकार बघून, आणि पुढे कोणीतरी माऊसच्या दोन क्लिकमध्ये तो पुसून टाकतो.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. गॅलरीच्या साइटवर गेले, सर्चमध्ये ‘टॉय बँक’ टाकलं की धडाधड चित्रं येतात, हवं तर ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ जोडा म्हणजे बाकीचं गळून पडतं. ज्या चित्रांवर ओपन अ‍ॅक्सेसची खूण आहे ती डाउनलोड करायची, लॉगिन नाही, पैसे नाहीत, घरी लावा, टी-शर्टवर छापा, कोणी विचारत नाही. मोठ्यातली मोठी साइज घ्या. माझी फाइल लांबीच्या बाजूला चार-एक हजार पिक्सेलची होती, म्हणजे तेरा-चौदा इंचापर्यंत अगदी झकास छपाई होते, त्याहून मोठं पोस्टर करायचा मोह टाळा, तळहातावरच्या त्या बारीक कडा मऊ पडतात. मोठ्या साइजसाठी हीच एक तक्रार माझी गॅलरीबद्दल, आणि दुसरी म्हणजे फोनवरून झूम करताना पान अडकतं, लॅपटॉपच वापरा.

फाइल घेऊन आमच्या गावातल्या छोट्या प्रिंट शॉपमध्ये गेले. तिथल्या काकू स्वतः वॉटरकलर करतात, त्यांना सांगायला काही लागलंच नाही. स्क्रीनवर बघून पहिलं वाक्य काय म्हणाल्या, तर हा हात बघ. मी म्हटलं हो, तोच. त्यांनी कॉटनचा मॅट कागद काढला, जाडसर, हाताला किंचित खरखरीत, आणि आधी फक्त हाताचा आणि जाकिटाचा एक छोटा पट्टा छापून दिला, खिडकीत नेऊन बघ म्हणाल्या. पहिल्या पट्ट्यात करडा रंग निळसर गेला होता, दुसऱ्यात जमला. कागदाच्या कडा ठेवल्या, सही ठेवली, मूळ कागदाचा सायीचा रंग ठेवला. ३४ डॉलर. फ्रेम वेगळी घेतली, माउंट मात्र अ‍ॅसिड-फ्री घ्या, साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागद पिवळा पडतो.

ग्लॉसी कागदावर अजिबात छापू नका. मूळ चित्रात जी चमक आहे, म्हणजे काकाच्या कपाळावर आणि बुटाच्या टोकावर लोखंड चकाकतं ती, ती रंगवलेली चमक आहे. चित्रकाराने तिथे कागद जवळजवळ कोरा सोडलाय. ग्लॉसी कागदाची स्वतःची चमक तिच्यावर आली की सगळं सपाट होतं. मॅटवर तो उजेड फक्त जिथे त्याने ठेवला तिथेच दिसतो आणि काका कागदातून बाहेर येतो. आमचा सात वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी खुर्चीवर चढून बोटाने चाचपून आला, सपाट आहे का खरंच म्हणून.

कुठलं चित्र घ्यायचं याबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. या जुन्या अमेरिकन बँकांमध्ये सगळ्याच गोंडस नाहीत. बऱ्याच बँका काळ्या लोकांची, चिनी मजुरांची, आयरिश लोकांची अगदी ओंगळ टर उडवणाऱ्या आहेत, त्या काळी त्या सरळ दुकानात विकायच्या आणि मुलांच्या हातात जायच्या. तो इतिहास आहे आणि म्युझियममध्ये तो तसाच राहायला हवा, पण घरात पोरांसमोर भिंतीवर लावायला काय निवडता ते आधी बँकेचं नाव शोधून, ती काय करते ते वाचून मग ठरवा. नुसतं रंग छान आहेत म्हणून घेऊ नका. मी एक जवळजवळ घेतलं होतं, नशिबाने आधी वाचलं. प्राण्यांच्या बऱ्याच बँका खूप सुंदर होत्या, पिल्लांना भरवणारी गरुडीण, कुत्रे, घोडा, त्यात हा प्रश्न येत नाही.

आणि खरी बँकच का नाही घेत असं मला नवऱ्याने विचारलं. अस्सल जुनी बँक, रंग शाबूत असलेली, ही गंभीर संग्राहकांची गोष्ट आहे, आपलं ते काम नाही. आणि बाजारात नकला भरपूर. त्यात एक मस्त गोष्ट कळली, अस्सल बँकेवरून साचा करून नवी ओतली की ती किंचित लहान होते, कारण लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. त्यामुळे जाणकार लोक मापं घेऊनच नक्कल पकडतात. नक्कलेची नक्कल केली तर आणखी लहान. हे वाचल्यावर मला चित्र जास्तच आवडायला लागलं, कारण नव्वद वर्षांपूर्वी एक माणूस अस्सल वस्तूसमोर बसला होता, आणि त्याने जे बघितलं ते, सहीसकट, माझ्या भिंतीवर आलंय.

याला लोककला म्हणायचं का असा वाद एका मित्राने घातला, की हा कारखान्याचा माल आहे. बरोबर आहे, ओतशाळेत शेकड्यांनी निघालेला. पण मूळ नमुना कोणीतरी हाताने कोरलेला असायचा, सुटे भाग जोडून झाल्यावर रंग हातानेच द्यायचे, म्हणून तर एकाचं जाकीट पिवळं तर दुसऱ्याचा कोट निळा सापडतो. आणि पुढचं काम पोरांनी केलंय, वर्षानुवर्षं पैसे सरकवून. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

मूळ चित्र भिंतीवर टांगलेलं सापडेल म्हणून गॅलरीत जाऊ नका. वॉटरकलर उजेडाने विटतात म्हणून हा साठा कायमचा मांडलेला नसतो, स्टडी रूममध्ये आधी अपॉइंटमेंट घेऊन बघायला मिळतं. ते मी पुढच्या वेळी बाबा येतील तेव्हा करणार आहे, आत्ताच त्यांना सांगून ठेवलंय. तोपर्यंत घरच्या प्रिंटलाही तोच नियम, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. आम्ही जिन्याजवळ लावलीय, तिथे थेट ऊन येत नाही आणि येता-जाता काकाची नजर बरोबर समोर येते.

स्टार द्यायचे तर गॅलरीच्या सोयीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फोनच्या झूमसाठी कापला. आमच्या प्रिंट शॉपच्या काकूंना पाच. त्या ऑनलाइन प्रिंटला एक, पैसे परत दिले म्हणून.

बाबा परत गेल्यावर त्यांनी फोनवर विचारलं की ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेस का. पाठवलं, पण तिथे फाइल इतकी बारीक होते की तळहात म्हणजे नुसता एक काळा ठिपका दिसतो. ते म्हणाले, अगं हात दिसत नाहीये. म्हणून काल त्यांच्यासाठी दुसरी प्रिंट टाकलीय, ८ बाय १०, त्यांच्या टेबलावर मावेल अशी, कडा आणि सही ठेवूनच. काकूंना सांगितलं, आधीचाच दुसरा पट्टा धरून रंग लावा.